६० जागांचे कृषी महाविद्यालय: प्रवेशाआधी शेत पाहून या

सासवडजवळच्या एका गृहस्थांनी विचारले आहे की, त्यांच्या मुलीला बी.एस्सी. (ऑनर्स) कृषी या पदवीसाठी पुण्याच्या शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली नाही. पुणे जिल्ह्यातल्याच, ६० जागांच्या एका खासगी संलग्न महाविद्यालयात मात्र मिळत आहे. घरी अडीच एकर जमीन असून त्यातल्या एका एकरात अंजीर आहे. वर्ष थांबून पुन्हा सीईटी द्यावी की हीच जागा घ्यावी, हा त्यांचा पहिला प्रश्न. आणि ‘सगळ्यातले थोडे थोडे’ शिकवणाऱ्या या पदवीचा पुढे उपयोग काय, हा दुसरा.

मी स्वतः कृषिविद्या हा विषय २९ वर्षे शिकवला आणि ती सर्व वर्षे अशाच दोन लहान महाविद्यालयांत काढली. त्यामुळे माझे उत्तर थोडे पक्षपाती असण्याची शक्यता आहे, हे आधीच सांगते. उत्तर असे: त्या महाविद्यालयाचे प्रक्षेत्र चालते असेल, म्हणजे त्यावर खरोखर पिके उभी असतील आणि ती विद्यार्थ्यांच्या हातून उभी राहत असतील, तर जागा घ्यावी आणि वर्ष वाया घालवू नये. प्रक्षेत्र नावापुरते असेल, तर इमारत कितीही देखणी असली तरी घेऊ नये. लहान महाविद्यालयाकडे मोठे ग्रंथालय नसते, पदव्युत्तर विभाग नसतात, नावाचा दबदबाही नसतो. त्याच्याकडे देण्यासारखी एकच गोष्ट असू शकते, ती म्हणजे विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारी जमीन आणि त्या जमिनीवर त्याच्या शेजारी उभा राहणारा शिक्षक. ती नसेल तर बाकी काही शिल्लक राहत नाही.

आधी कागदावरच्या गोष्टी. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. पुणे जिल्हा राहुरीच्या, म्हणजे १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. शासकीय महाविद्यालयात शिका किंवा संलग्न महाविद्यालयात, अभ्यासक्रम तोच आणि पदवीवर नाव विद्यापीठाचेच असते. अभ्यासक्रमाचा आराखडा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अधिष्ठाता समित्या ठरवतात. चार वर्षे, आठ सत्रे, हा त्याचा सांगाडा जुनाच आहे. सहाव्या समितीने त्यात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय सुचवली आहे. माझे मत विचाराल तर ती सोय अगदी अडचणीच्या वेळीच वापरावी, कारण पहिल्या दोन वर्षांत मुळाक्षरे होतात आणि वाचायला यायचे ते तिसऱ्या वर्षापासून.

दोन चौकशा मात्र कागदावरच करून घ्याव्यात. महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद, जिचे कार्यालय पुण्यातच आहे, ती महाविद्यालयांची तपासणी करून त्यांना अ, ब, क, ड असा दर्जा देते. आपल्या महाविद्यालयाचा दर्जा कोणता, हे विचारावे. दुसरी चौकशी शुल्काची. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४-२५ पासून लागू केला आहे. परंतु प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला तो लागू होत नाही. समुपदेशनाच्या गडबडीत कोणी ‘कोट्यातून लगेच देतो’ म्हणाले, तर या एका गोष्टीसाठी थांबावे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळते, कारण पहिल्याचे खरे उत्तर त्यातच आहे.

‘सगळ्यातले थोडे थोडे’ ही तक्रार मी प्रत्येक वर्गाकडून ऐकली आहे. कृषिविद्या, मृदविज्ञान, उद्यानविद्या, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, वनस्पती प्रजनन, कृषी अभियांत्रिकी, पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र, कृषी अर्थशास्त्र, विस्तार शिक्षण, हवामानशास्त्र: एकाच सत्रात विद्यार्थ्याला सकाळी मातीचा सामू (पीएच) मोजावा लागतो, दुपारी म्हशीच्या दुधातील स्निग्धांश काढावा लागतो आणि संध्याकाळी मागणीचा वक्र काढावा लागतो. अभियांत्रिकीला गेलेल्या मित्रमैत्रिणींसमोर हा खिचडीचा कारभार वाटतो. पण शेतात अडचण येते तेव्हा ती कोणत्या विभागाची आहे, हे लिहिलेली चिठ्ठी तिला लावलेली नसते.

एक प्रसंग सांगते. खेड तालुक्यात आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन मी एका सोयाबीनच्या शेतात गेले होते. आठ दिवसांची झड नुकतीच उघडली होती आणि पेरणीला साधारण पाच आठवडे झालेले पीक शेंड्याकडून पिवळे पडले होते. शेतकऱ्याला कोणीतरी ‘पिवळा मोझॅक’, म्हणजे पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा विषाणूजन्य रोग, असे सांगितले होते आणि पांढऱ्या माशीचे औषध आणण्यासाठी तो गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होता. वर्गातला सर्वांत हुशार मुलगा, ज्याला रोगशास्त्रात उत्तम गुण होते, त्यानेही मोझॅकच म्हटले. मागे उभ्या असलेल्या एका मुलीने मात्र काही न बोलता दोन रोपे उपटली. वरच्या कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग सगळीकडे सारखा पिवळा होता. मोझॅकमध्ये असतात तसे हिरवे-पिवळे बेढब ठिपके नव्हते. मग तिने मुळांवरची, हवेतला नत्र धरणारी गाठ नखाने फोडली. या वयात ती आतून गुलाबी असायला हवी, तर ती हिरवट-करडी निघाली. एका मुलाने बाटलीतून आणलेले सौम्य आम्ल मातीवर टाकले, तेव्हा माती फसफसली, म्हणजे चुनखडी होती. बांधाकडे पाहिले तर चर गाळाने बुजलेला होता आणि शेताच्या सखल भागातच पिवळेपणा जास्त होता.

आजार असा होता की, पाणी साचल्याने मुळांना हवा मिळत नव्हती, गाठींचे काम थांबले होते आणि चुनखडीच्या जमिनीत आधीच अडकून बसणारे लोह पिकाला मिळेनासे झाले होते. उपाय चर मोकळा करण्याचा, वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, आल्यावर कोळपणी करण्याचा आणि मग दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम या प्रमाणात फेरस सल्फेट फवारण्याचा होता. त्या दिवशी शेतकऱ्याचा कीटकनाशकाचा खर्च वाचला. त्या मुलीला कोणत्याही एका विषयात फार गुण नव्हते. परंतु रोगशास्त्र, मृदविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र आणि निचऱ्याचे अभियांत्रिकीतले प्रकरण, ही चारही तिला एका रोपात एकत्र दिसली. ‘सामान्य कृषी’ या शब्दातला ‘सामान्य’ मला तेव्हा नीट समजला, असे म्हटले तरी चालेल.

या दृष्टीची पुण्याला जुनी ओळख आहे. पुण्यातले कृषिशिक्षण १८७९ साली विज्ञान महाविद्यालयातल्या शेतकीच्या वर्गापासून सुरू झाले आणि १९०७ च्या सुमारास स्वतंत्र कृषी महाविद्यालय उभे राहिले. त्याचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ होते आणि पुण्याला येण्यापूर्वी चहाच्या मळ्यांवर काम करत होते. या रसायनशास्त्रज्ञाने पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास केला तो मातीपाशी न थांबता, घराघरांतले कर्ज, मजुरी आणि जमिनीच्या तुकड्यांपर्यंत. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दिसले की, गावातली सरासरी जमीनधारणा १७७१ साली ४० एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत सात एकरांवर आली होती. खत किती घालावे, हा प्रश्न सात एकरवाल्याला वेगळा आणि ४० एकरवाल्याला वेगळा असतो. आपल्या अडीच एकरांना तर तो आणखी वेगळा आहे. आज त्याच पिंपळे सौदागरमध्ये उंच इमारतींतून राहणाऱ्यांना हे गाव कृषी अर्थशास्त्राच्या अभ्यासात येते, याची कल्पनाही नसेल.

तर मग हे एकत्र पाहणे शिकवते कोण? वर्गखोली शिकवत नाही, हे मी खात्रीने सांगते. माझ्याच वर्गात मी वाफशाची व्याख्या कित्येकदा फळ्यावर लिहिली आहे आणि ती पाठ करणाऱ्या मुलांनी पेरणीच्या पहिल्या पाभरीला ओल्या मातीचे गोळे चिकटवून ठेवले आहेत. मूठभर माती दाबून सोडली की ती जेमतेम भुगा होऊन पडते, तो वाफसा. हे हाताला कळेपर्यंत दोन हंगाम जातात. पीक उत्पादनाच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याला स्वतःचा वाफा मिळतो, त्यात मशागतीपासून काढणीपर्यंत सर्व कामे त्याने करायची आणि शेवटी जमाखर्च मांडायचा, अशी अपेक्षा असते. मोठ्या वर्गात एका वाफ्याभोवती १२-१५ मुले उभी राहतात, दोघे खुरपतात आणि बाकीचे छायाचित्र काढतात. ६० जणांच्या महाविद्यालयात, जमीन पुरेशी असेल तर, दोघातिघांना मिळून एक-दोन गुंठे सहज देता येतात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यावर ज्वारीची विरळणी एकदा स्वतः केली, की ‘दोन रोपांत १५ सेंटिमीटर’ हे वाक्य कंबरेला आयुष्यभर लक्षात राहते.

म्हणून प्रक्षेत्र कसे पाहावे, ते जरा विस्ताराने सांगते.

प्रथम पीक संग्रहालय पाहावे. हंगामातील प्रत्येक पिकाचा एक छोटा वाफा आणि त्यापुढे वाण, पेरणीची तारीख, बियाण्याचे प्रमाण लिहिलेली पाटी, असे त्याचे स्वरूप असते. तपासणी समिती येणार असली की पाट्या ताज्या रंगवल्या जातात. वाफ्यात मात्र गाजरगवत असते. (या गवताची भारतातली पहिली नोंद १९५५ साली पुण्यातच झाली, ही आपल्या शहराची एक नको असलेली कामगिरी.) पाटीवरची तारीख आणि पिकाचे वय जुळते का, ते पाहावे. आपण शेतकरी आहात, आपल्याला कोणी फसवू शकणार नाही.

मग मृदविज्ञानाच्या प्रयोगशाळेत जावे. यंत्रांची यादी भिंतीवर असते, ती वाचू नये. पालाश मोजायच्या फ्लेम फोटोमीटरला गॅसची टाकी जोडलेली आहे का, एवढेच पाहावे. ऊर्ध्वपातित पाणी कोठून येते, ते विचारावे. शक्य असल्यास घरच्या अंजिराच्या शेतातला मातीचा नमुना बरोबर न्यावा आणि ‘तपासून द्याल का’ असे विचारावे. चालती प्रयोगशाळा पैसे सांगेल आणि तारीख देईल. बंद प्रयोगशाळा ‘सध्या रसायने संपली आहेत’ असे सांगेल.

तिसरी गोष्ट हवामान वेधशाळेची, आणि येथे मला माझीच एक लाजिरवाणी आठवण सांगावी लागेल. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका महाविद्यालयात पर्जन्यमापक होता, त्याच्याभोवती तारेचे कुंपण होते आणि नोंदवही कपाटात नीट ठेवलेली होती. एका विद्यार्थिनीने पेरणीच्या तारखा आणि पाऊस यांचा संबंध लावण्याचा लहानसा प्रकल्प घेतला. तिच्या आलेखात एका दिवशी २२ मिलिमीटर पाऊस दिसत होता आणि तिच्या स्वतःच्या रोजनिशीत त्याच दिवशी ‘वाफ्यात धूळ, रोपे माना टाकलेली’ असे लिहिलेले होते. चौकशी केल्यावर कळले की नरसाळे पालापाचोळ्याने बुजलेले होते आणि वही महिन्याच्या शेवटी तालुक्याच्या आकड्यांवरून एका बैठकीत भरली जात होती. त्या वहीखाली तीन महिने माझीही सही होती, कारण मी न पाहता केली होती. ज्या पुण्यात हवामान खात्याने १९३२ साली देशातला कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू केला, त्या पुण्यापासून तासाभराच्या अंतरावरची ही गोष्ट. तेव्हापासून कोठेही गेले की मी पहिल्यांदा पावसाची वही मागते. सकाळी साडेआठची नोंद रोजच्या रोज, वेगवेगळ्या शाईत आणि हातांत असेल तर ती खरी समजावी. महिनाभराची नोंद एकाच पेनाने एकाच ओघात असेल, तर बाकीचे पाहण्यात वेळ घालवू नये.

शिक्षकांबद्दल एकच प्रश्न विचारावा: कीटकशास्त्र आणि मृदविज्ञान शिकवणारे पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर येतात? तासिकेवर येणारा तरुण अतिशय चांगला असू शकतो, पण त्याचा तास संपला की तो पुढच्या महाविद्यालयाची गाडी पकडतो. पिकांची मुळे खाणाऱ्या हुमणीचे भुंगेरे मात्र वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात, वेळापत्रकात बसत नाहीत. ते गोळा करायला मुलांबरोबर अंधारात थांबणारा माणूस तेथेच राहणारा असावा लागतो.

लहान महाविद्यालयाचे तोटेही लपवत नाही. पुण्यातल्या शिवाजीनगरच्या शासकीय कृषी महाविद्यालयात पदव्युत्तर आणि आचार्य पदवीच्या विद्यार्थ्यांचे प्रयोग आजूबाजूला चालू असतात आणि पदवीचा विद्यार्थी नुसता तेथे वावरला तरी प्रयोग कसा आखतात, एका प्रक्रियेची पुनरावृत्ती का करतात, हे त्याच्या कानावर पडते. लहान महाविद्यालयात हे वातावरण नसते. स्पर्धा कमी असते आणि अंतर्गत गुण सढळ हाताने मिळतात, त्यामुळे आपण फार हुशार आहोत असा समज सातव्या सत्रापर्यंत टिकून राहतो. तिसऱ्या वर्षापासून अर्धा वर्ग सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत जागा शोधू लागतो आणि प्रात्यक्षिकाच्या वह्या एकमेकांच्या उतरवल्या जातात. स्पर्धा परीक्षेला माझा विरोध नाही, पण राज्य लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवेच्या परीक्षेत अभ्यासक्रम याच पदवीचा असतो, हे या मुलांच्या ध्यानात उशिरा येते.

पहिली उणीव भरून काढायला पुणे जिल्ह्याइतकी चांगली जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. गणेशखिंडचे फळ संशोधन केंद्र आहे, जेथे फळशास्त्रज्ञ डॉ. चीमा यांनी १९२७ साली निवडलेला लखनौ-४९ हा पेरू पुढे ‘सरदार’ म्हणून देशभर गेला. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि द्राक्षाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. कोरडवाहू शेतीवरचे देशातले संशोधनही १९२३ साली मांजरीतच सुरू झाले. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन, उरुळीकांचनला पशुधन व ग्रामविकासात काम करणारी बाएफ ही संस्था, बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताणावर (दुष्काळ, उष्णता, क्षार यांसारख्या) काम करणारी राष्ट्रीय संस्था, नारायणगाव व बारामती येथे कृषी विज्ञान केंद्रे. महाविद्यालयाने सहल काढण्याची वाट पाहू नये. प्राचार्यांचे पत्र घेऊन दोन-तीन मुलींनी सुट्टीत आठवडाभर काम करू देण्याची विनंती केली, तर बहुधा नकार मिळत नाही. आणि वर्षातून एकदा तरी पहाटे चारला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उभे राहावे. आपली अंजिरे ज्या आडत्याकडे जातात, त्याच्या गाळ्यावर पाटीतल्या वरच्या थराचा आणि तळाच्या थराचा भाव कसा ठरतो, तोलाई-हमाली वजा होऊन पट्टी कशी हाती येते, हे पाहिल्याशिवाय कृषी विपणनाचा पेपर कोरडाच राहतो.

चौथ्या वर्षाच्या ग्रामीण कृषी कार्यानुभवाबद्दलही सांगायला हवे. यात विद्यार्थी काही आठवडे गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करतात. मुलींना कृषिकन्या आणि मुलांना कृषिदूत म्हणतात. वर्तमानपत्रात फलक धरून बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक करणाऱ्या मुलींचे छायाचित्र येते, ते याचेच. छायाचित्र काढून झाल्यावर खरी परीक्षा सुरू होते. एका गावात आमच्या विद्यार्थिनीने शेतकऱ्याला ‘डायमेथोएट ०.०३ टक्के’ असे कीटकनाशकाचे प्रमाण अगदी पुस्तकी सांगितले. तो म्हणाला, “ताई, ते ठीक, पण पंपाला किती टाकू?” ती गप्प झाली. मग बांधावर बसून आम्ही हिशोब केला: औषधात क्रियाशील घटक ३० टक्के, म्हणजे ०.०३ टक्क्यांसाठी दहा लिटर पाण्यात दहा मिलिलिटर, पंप १५ लिटरचा, म्हणून १५ मिलिलिटर. यावर तो म्हणाला, की त्याचा पंप पेट्रोलवरचा आहे आणि एकराला पाणी फारच कमी लागते. पाणी एक तृतीयांश झाले तर पंपामागची मात्रा तिप्पट करावी लागते, नाहीतर एकरी औषध कमी पडते, हे तिच्या वहीत होते, परंतु वेगळ्या प्रकरणात. त्या संध्याकाळी तिने टक्के, पंप, एकर आणि हेक्टर यांचा एक तक्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. आपल्या मुलीने तो पहिल्याच वर्षी लिहावा. १०० किलो नत्रासाठी २१७ किलो युरिया लागतो, हे तिला विचार न करता सांगता आले पाहिजे.

मुलींच्या बाबतीत एक शंका पालक संकोचाने विचारतात, म्हणून न विचारताच उत्तर देते. माझ्या वर्गात आम्ही चौघीच होतो आणि ट्रॅक्टरच्या प्रात्यक्षिकाला आम्हाला बाजूला उभे करत. आता अनेक वर्गांत मुली निम्म्याच्या आसपास असतात, तरी ही सवय कोठे कोठे टिकून आहे. ट्रॅक्टर, पॉवर टिलर आणि फवारणी पंप ही तिन्ही मुलीने स्वतः चालवली पाहिजेत, असा आग्रह पहिल्या सत्रापासून धरावा. वसतिगृह पाहताना स्वच्छतागृहांइतकेच, प्रक्षेत्रापर्यंतचा रस्ता संध्याकाळी कसा आहे, हेही पाहावे.

पदवीनंतरचे मार्ग सर्वांना साधारण माहीत असतात, म्हणून थोडक्यात. कृषी सेवा परीक्षेतून तालुका वा मंडळ कृषी अधिकारी. बँकांत कृषी क्षेत्र अधिकारी. बियाणे, खते, ठिबक आणि कीटकनाशक कंपन्यांत क्षेत्रीय नोकरी, जिच्यात फिरती भरपूर आणि विक्रीचे उद्दिष्ट डोक्यावर असते. किंवा पदव्युत्तर शिक्षण. पदव्युत्तरसाठी परराज्यात जायचे मनात असेल तर महाविद्यालयाला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती आहे का, हे आताच विचारून ठेवावे. कीटकनाशकविक्रीच्या परवान्यासाठी शैक्षणिक पात्रता लागते आणि ही पदवी त्यात बसते, त्यामुळे स्वतःचे कृषी सेवा केंद्र हा मार्गही खुला राहतो. २००२ पासून चालू असलेल्या कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र या योजनेत पदवीधरांना ४५ दिवसांचे मोफत प्रशिक्षण आणि कर्जाशी जोडलेले अनुदान मिळते. महाराष्ट्रातल्या बऱ्याच मुलांनी त्यातून माती-पाणी तपासणी किंवा रोपवाटिका सुरू केली आहे. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ज्या घरात एक एकर अंजीर आहे, त्या घरातल्या मुलीने तांबेऱ्याचे व्यवस्थापन आणि फळाची प्रतवारी हा आपल्या शेवटच्या वर्षाचा विषय केला, तर तिला प्रयोगासाठी शेत शोधावे लागणार नाही.

वर्ष थांबण्याबद्दल माझा अनुभव फारसा चांगला नाही. थांबलेल्यांपैकी काहींना हवे ते महाविद्यालय मिळाले, पण बरीच मुले पुढच्या वर्षी साधारण तेवढ्याच गुणांवर आमच्याकडेच परत आली. प्रक्षेत्र पाहून मन भरले नाही, तर थांबण्यापेक्षा पुढच्या फेऱ्यांत जिल्ह्याबाहेरच्या महाविद्यालयांचे पर्याय भरावेत. चांगल्या प्रक्षेत्राचे महाविद्यालय अहिल्यानगर वा सातारा जिल्ह्यात असले, तर एसटीचे चार तास सोसावेत.

पाहायला जाताना मुलीला बरोबर घेऊन जा. रविवारी किंवा प्रवेशाच्या मांडवाच्या दिवशी जाऊ नका. कामाच्या दिवशी, सकाळी आठच्या आत, शक्यतो आदल्या रात्री पाऊस झालेला असताना जा. कार्यालयात आधी न जाता थेट प्रक्षेत्राकडे वळा आणि तेथे त्या वेळी विद्यार्थी आहेत का, ते पाहा. असतील, तर मुलीला त्यांच्याशी बोलू द्या आणि आपण थोडे लांब उभे राहा.